बाळासाठी एकचाकी

बेरेंट मेन्सिंक बाळांना बादल्या देत असे.

जस्ताच्या पत्र्याच्या, झाकणाच्या, कडी पक्की असलेल्या बादल्या. हारब्रिंकच्या वाडीत कुणाकडे पाळणा हलला की बाकीचे लोक चांदीचा चमचा, नाहीतर लांब कानांचा कापडी ससा घेऊन जात. बेरेंट बादली घेऊन जाई. नेहमी बादलीच असे असंही नाही. रस्त्याच्या वळणावरच्या जुळ्यांना त्यानं आग विझवायचं नळकांडं दिलं होतं, दोघांत एक. एका मुलीला बर्फ ओढायचं फावडं दिलं होतं. एका मुलाला बागेत पाणी घालायची लांब नळी, दोन्ही टोकांच्या पितळी जोडण्यांसकट.

त्याचा हिशेब सरळ होता. पोर मोठं होऊन घर सोडून जाईल, त्या दिवशीही जी वस्तू कामात असेल ती उपयोगी. ससा काय, दोन वर्षांत फाटतो.

आणि तो चुकत होता असं कुणाला म्हणता येत नव्हतं. समोरच्या रिकी वोल्टरिंकच्या थोरल्या लेकीचं लग्न होऊन ती जर्मनीत गेली, तिची पोरं शाळेत जायला लागली, तरी तिची बादली रिकीच्या अंगणात होती आणि तिच्यातून कोंबड्यांना दाणे जात होते. रिकी ती बादली रोज उचलायची आणि बेरेंटला रोज हसायची.

बेरेंटनं चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. गोठ्यागोठ्यातून दूध गोळा करून डेअरीत पोचवायचं. जर्मनीच्या सीमेलगतच्या त्वेंते भागातल्या निम्म्या घरांची मागची दारं त्याला माहीत होती, पुढचं दार एकाही घराचं नाही. आमच्याकडे पुढचं दार नवरी आत येताना आणि शवपेटी बाहेर जाताना उघडतं. एरवी माणसं मागून येतात, कडी वाजवत नाहीत, आत आल्यावर हाक मारतात.

त्याला आणि दीनाला मूल झालं नाही. त्याबद्दल दोघं बोलत नसत. वाडीतल्या प्रत्येक बाळाला पाहायला मात्र दोघं जोडीनं जात. दीना बाळाला घेऊन बसे. बेरेंट भिंतीपाशी बादली धरून उभा राही आणि झाकण कसं बसतं ते बाळाच्या बापाला दाखवी.

दीना गेली, त्यानंतर वाडीत एक बाळ झालं. बेरेंटनं पाण्याची झारी नेली. बाळाच्या आईनं झारी हातात घेतली, आभार मानले आणि सवयीनं आत हात घातला. कोपरापर्यंत घातला. तळाशी चाचपलं.

"आत काही नाही," बेरेंट म्हणाला.

"हो का," ती म्हणाली आणि लाजली.

तेव्हा त्याला कळलं. इतकी वर्षं दीना प्रत्येक बादलीत स्वतः विणलेलं टोपरं आणि मोजे लपवून ठेवत आली होती. लोक टोपरं ठेवून घेत होते. बादलीला ते वेष्टन समजत होते.

बेरेंट घरी आला आणि बराच वेळ दीनाच्या लोकरीच्या टोपलीकडे पाहत बसला. मग त्यानं ठरवलं की झारी चांगली होती.

आता शेजाराविषयी सांगायला हवं, कारण बेरेंटचं सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

आमच्या वाडीत प्रत्येक घराला एक पहिला शेजारी असतो. लागून असलेलं घर, ते पहिलं. बाळ झालं की बाप आधी त्याच्याकडे जातो, आणि बातमी घरोघर तो नेतो. माणूस गेलं की डोळे तो मिटतो, निरोप तो सांगतो आणि खांदा देताना डोक्याच्या बाजूला तो असतो. पण हे आपोआप होत नाही. नव्यानं राहायला आलेल्यानं मागच्या दारी येऊन, पहिले शेजारी व्हाल का, असं स्वतःच्या तोंडानं विचारावं लागतं. विचारलं की शेजार दोन्हीकडून जुळतो. जुन्यानं स्वतःहून म्हणायचं नसतं. ते मागितल्यासारखं होतं.

बेरेंटचं घर गल्लीच्या टोकाला. त्याला लागून एकच घर, आणि ते बरीच वर्षं रिकामं. दीना गेली त्या सकाळी तिकडे कुणी नव्हतं. बायको गेल्याचा निरोप बेरेंटला स्वतःच घरोघर न्यावा लागला. रिकीच्या मागच्या दारात तो टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि त्याला शब्द फुटेना. रिकीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, गॅस बंद केला आणि बाकीच्या घरांना ती गेली. तेव्हापासून ती त्याच्याशी जरा जास्तच फटकून बोलायची.

आपल्या वेळी निरोप कोण नेणार, हा प्रश्न बेरेंटपुढे होता. त्या दिवशी तो स्वतः नेऊ शकणार नव्हता एवढं त्याला कळत होतं.

मग दीड वर्षापूर्वी त्या घरात मेरेल आणि योरिस आले. पश्चिमेकडचे, हारलेमचे. ती नकाशे करायची, तो संगणकावर काहीतरी करायचा. घर त्यांनी आतून पार बदललं. माणसं हसतमुख होती, कुंपणावरून हात करायची. पण विचारायला कुणी आलं नाही. त्यांना ते माहीतच नव्हतं, आणि सांगणार कोण? बेरेंटला सांगता येत नव्हतं. रिकीला येत होतं, पण तिचं म्हणणं, ज्याला गरज त्यानं डोळे उघडून बघावं.

मार्चच्या सुरुवातीला मेरेल बाळंत झाली. बेरेंटला ते कळलं, कारण बाळंतिणीला सांभाळायला घरी येणाऱ्या नर्सची गाडी आली. त्यानं मागचं दार सताड उघडं ठेवलं, थंडी आत येऊ दिली आणि स्वेटर घालून बसला. योरिस बातमी घेऊन येणार होता.

योरिस आला नाही. पत्र आलं. तिकीट लावून, पोस्टानं, लागून असलेल्या घरातून.

बेरेंटनं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. पत्र दोन दिवसांत इथून शहरात जाऊन परत आलं होतं. कुंपणावरून फेकलं असतं तर त्याच्या पायावर पडलं असतं. आत छापील कार्ड होतं, त्यावर कोल्हा. मुलीचं नाव फीन. आई आणि बाळ दुपारी विश्रांती घेतात, भेटायला शनिवारी तीन ते पाच यावे. आणि खाली: आमच्याकडे सगळं आहे, द्यायचंच असेल तर कृपया उपयोगी काहीतरी द्या.

बेरेंटनं ती ओळ परत वाचली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला समजून पत्र लिहिलं होतं.

कार्ड घेऊन तो समोर गेला. रिकी बटाटे सोलत होती, तिचा नवरा हेरमान वर्तमानपत्रामागे होता. हेरमान साधारणपणे वर्तमानपत्रामागेच असे. रिकीलाही कार्ड आलं होतं. तिनं ते बटाट्यांच्या सालींखाली ठेवलं होतं.

तिचं म्हणणं असं की हे लोक वेळ ठरवून देतात, म्हणजे दंतवैद्य झाले. आणि शेजार विचारलेला नाही, तेव्हा पाव न्यायचं कारण नाही. बाळासाठी अख्खी वाडी मिळून बेदाण्यांचा पाव नेते, माणसाएवढा लांब, शिडीवर घालून. तो शेजाऱ्याला असतो, पत्र पाठवणाऱ्याला नसतो. बेरेंट म्हणाला की बाळ आलंय, बाळानं काही पत्र पाठवलेलं नाही.

"आणि पाव समोर बघितला की तो विचारेल," बेरेंट म्हणाला. "शिडीवर पाव घेऊन सहा माणसं आली, तर कुणीही विचारेल की हे काय आहे. मग सांगता येतं."

"तुला त्यानं विचारायला हवंय," रिकी म्हणाली.

"बाळाला पाव मिळायला हवा."

"तुझं तोंडच सांगतंय." तिनं बटाटा पाण्यात टाकला. "सांगते बेकरीवाल्याला. पण तू बादली आणायची नाहीस. ही शिकलेली माणसं आहेत."

बेरेंटनं शब्द दिला. बादली आणणार नाही.

शुक्रवारी तो शहरातल्या बाळांच्या दुकानात गेला. तिथं काम करणारी विशीतली एक मुलगी त्याच्या मागे लागली. आजोबा झालात का, तिनं विचारलं. नाही, शेजारी, तो म्हणाला. होणार आहे, असंही म्हणाला. मुलीनं मान डोलावली आणि त्याला पाण्यात तरंगून ताप मोजणारं बदक दाखवलं. मग बाळाची ओली पुसणी गरम ठेवणारी पेटी दाखवली. मग पोटात दिवा असलेलं आणि समुद्रासारखा आवाज करणारं अस्वल दाखवलं. बेरेंटनं प्रत्येक वस्तू हातात घेतली, उलटी करून तळ पाहिला आणि विचारलं की अठरा वर्षांनी हिचं काय होईल.

"अठरा महिन्यांनी म्हणायचंय का?" मुलीनं विचारलं.

"वर्षांनी."

मुलीनं अस्वल खाली ठेवलं. नवीन आईबाबांना सगळ्यात जास्त उपयोगी काय पडतं, असं त्यानं तिला विचारलं. तिला मूल नव्हतं. तिनं बहिणीला फोन लावला. बहिणीकडे कुणीतरी इतकं रडत होतं की बहिणीचं बोलणं काही ऐकू आलं नाही, आणि तिनं फोन ठेवला.

बेरेंट आभार मानून बाहेर पडला. समोर शेतीच्या अवजारांचं दुकान होतं. दारात एकचाकी हातगाड्या मांडल्या होत्या. जस्ताच्या पत्र्याच्या, भरीव चाकाच्या, कधी पंक्चर न होणाऱ्या. त्याचे पाय आपोआप तिकडे वळले.

शनिवारी तीन वाजता वाडी निघाली. पुढे बेरेंट, त्याच्या हातात एकचाकी, दांडीला गुलाबी फीत. मागे शिडी, दोन्ही बाजूंना तीन तीन माणसं, शिडीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेला पाव. शेवटच्या टोकाला हेरमान. रिकी बाजूनं चालत होती आणि एकचाकीकडे बघणं टाळत होती.

"आत काय आहे?" शेवटी तिनं विचारलं.

"काही नाही."

"निदान काहीतरी आत ठेवायचंस रे."

"बादली आणू नको म्हणालीस," बेरेंट म्हणाला.

योरिस मागच्या दाराशी आला. केस विस्कटलेले, खांद्यावर फडकं. त्यानं शिडी पाहिली, मग पाव पाहिला, मग शिडीचं मागचं टोक दिसेपर्यंत पाहत राहिला. त्याला वाटलं असावं छपराचं काम आहे. बेरेंटनं एकचाकी त्याच्यासमोर उभी केली.

"बागेसाठी का, मेन्सिंकसाहेब?" योरिसनं विचारलं. बेरेंटला आयुष्यात साहेब फक्त कर खात्यानं म्हटलं होतं.

"बाळासाठी."

योरिसनं चाकाकडे पाहिलं. "भरीव आहे," बेरेंट म्हणाला. "पंक्चर होत नाही." योरिस म्हणाला की हे फार बरं झालं.

मग पाव आत घ्यायचा होता. या घरात पूर्वी मागचं दार, त्यापुढे स्वयंपाकघर, त्यापुढे बैठक, अशी सरळ रेघ होती आणि असे कितीतरी पाव तिथून गेले होते. मेरेल आणि योरिसनं स्वयंपाकघराच्या मधोमध दगडी ओटा बांधला होता. शिडी ओट्यापर्यंत गेली आणि थांबली. पुढच्या दोघांना वळता येईना. मागचा हेरमान अजून अंगणात होता. दार लावता येत नव्हतं आणि मार्चचा वारा घरभर फिरत होता. आतून बाळ रडायला लागलं. योरिसनं सुचवलं की पाव इथंच कापू. शिडी कुणी खाली ठेवली नाही. न कापता आत जायचा असतो तो. बेरेंटनं शिडी मागे घ्यायला लावली, घराला वळसा घातला आणि बैठकीची खिडकी उघडायला सांगितलं. पाव शिडीसकट खिडकीतून आत गेला. माणसं परत मागच्या दाराला गेली आणि तिथून आत आली. या सगळ्यात हेरमानच्या टोपीला खिडकीवरची टांगती कुंडी लागली.

बैठकीत दोन खुर्च्यांवर शिडी आडवी ठेवली, पाव तसाच तिच्यावर. कापून, जाड लोणी लावून सगळ्यांना दिला. योरिसनं कॉफी आणि बडीशेपेच्या गुलाबी गोळ्या लावलेले टोस्ट दिले. मेरेल बाळाला घेऊन कोपऱ्यात बसली होती. पांढरीफटक, पण हसत होती. रिकीनं बाळ पाहिलं आणि जरा विरघळली. सगळे छान म्हणाले. मग सगळे बसले आणि योरिसकडे बघू लागले.

इथं एक गोष्ट घडली, ती दोन्हीकडच्या माणसांच्या चांगुलपणामुळे घडली.

आमच्याकडे यजमान कॉफीचा जग उचलून आत नेतो, तेव्हा पाहुणे उठतात. जग टेबलावर असताना उठणं म्हणजे तुमची कॉफी आवडली नाही असं सांगणं. मेरेल आणि योरिसच्या गावी पाहुणा बसलेला असताना जग आत नेणं म्हणजे त्याला हाकलणं. तेव्हा योरिस ओतत राहिला आणि वाडी पीत राहिली. पाच वाजले. योरिसनं घड्याळाकडे पाहिलं आणि ओतलं. बोलण्यासारखं होतं ते बोलून झालं होतं. गवत, पाऊस, कोणाची गाय व्याली. योरिसनं विचारलं की गाय किती दिवस गाभण असते. त्याचं उत्तर चौघांनी दिलं.

"हा थांबतच नाही," रिकी बेरेंटच्या कानात म्हणाली. "माझ्या छातीत धडधडायला लागलंय."

"विचारेल आता," बेरेंट म्हणाला. "म्हणूनच बसवून ठेवलंय त्यानं."

त्याला खरंच तसं वाटत होतं. योरिसनं दोनदा घसा खाकरला होता. दोन्ही वेळा बेरेंट खुर्चीत ताठ झाला होता. दोन्ही वेळा योरिसनं विचारलं होतं की साखर हवी का.

साडेपाचच्या सुमाराला बेरेंटला कॉफीमुळे उठावं लागलं. संडास स्वयंपाकघरापलीकडे होता. तिथून बाहेर येताना त्याला दाराआडून बोलणं ऐकू आलं आणि तो थांबला.

"हे लोक उठतच नाहीत," योरिस म्हणत होता. "मी तिसरं पाकीट फोडलंय."

"कॉफी संपली की जातील," मेरेलचा आवाज.

"संपली की मी करतो ना. समोर बसलेत तर काय करू? नर्स म्हणाली होती दोन तास. तू आडवी हो."

"माणसं आपल्यासाठी आलीत, योरिस. एवढा पाव घेऊन आलीत. मी आडवी कशी होऊ?"

बेरेंटला पुढे जायचं होतं आणि वाट तिथूनच होती. तो आत गेला. मेरेल फ्रिजला डोकं टेकून उभी होती. बाळ योरिसकडे होतं. तिच्या झग्याचा पुढचा भाग दोन जागी ओला झाला होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, रडण्याचा काही आवाज न करता, नुसतं येत होतं. चाळीस वर्षं दुधाच्या धंद्यात काढलेल्या माणसाला काय झालंय ते लगेच कळलं. आणि कळलं असं दाखवायचं नसतं, हेही.

"पाव छान आहे, मेन्सिंकसाहेब," मेरेल म्हणाली आणि हसली.

बेरेंट बैठकीत परत आला. सगळे आपापल्या कपाकडे बघत बसले होते. तो क्षणभर दारात उभा राहिला. आज योरिसनं विचारलं नाही तर परत अख्ख्या वाडीसमोर तो कधी विचारणार, असं त्याच्या मनात आलं. मग आणखी काहीतरी आलं असावं, पण ते त्याला शब्दांत सांगता आलं नसतं.

"मला शिडी लागणार आहे," तो म्हणाला.

रिकीनं मान वर केली. "आत्ता?"

"छपरावर जायचंय."

"अंधार पडायला आलाय, बेरेंट."

"म्हणूनच. उठा."

जग टेबलावर होता. अर्धा भरलेला होता. सगळ्यांनी जगाकडे पाहिलं, मग बेरेंटकडे. बेरेंट उरलेल्या पावाच्या एका टोकाला जाऊन उभा राहिला होता. शिडी न्यायची तर पाव उचलावा लागणार, आणि पाव जमिनीवर ठेवता येत नाही. हेरमान पहिला उठला. त्यानं दुसरं टोक धरलं. दोघांनी उरलेला पाव दारातून बाहेर नेला आणि अंगणातल्या एकचाकीत ठेवला. यजमानांसाठी एक मोठा तुकडा कापून खिडकीत ठेवला. मग शिडी खिडकीतून निघाली. पाव गेला, शिडी गेली, मग बसून राहण्यासारखं काही उरलं नाही. माणसं उठली, कोट शोधले आणि एकेक करत बाहेर पडली. पुढे बेरेंट एकचाकी ढकलत, मागे वाडी. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं की कुणीतरी गेलं.

फाटकापाशी रिकीनं त्याला गाठलं. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"जग आत न्यायच्या आधी उठवलंस आम्हाला," ती म्हणाली. "नव्या माणसांसमोर. त्यांना काय वाटेल, वाडीला रीत नाही? दीना असती तर तिनं असं होऊ दिलं असतं?"

"दीना असती तर ती साडेतीनला उठली असती."

"आणि तो विचारणार होता ना रे. तूच म्हणालास. आता कोण विचारतंय तुला?"

बेरेंटनं पाव घरोघर वाटला, हेरमानच्या मदतीनं शिडी जागेवर टांगली, एकचाकी धुतली, पुसली आणि हळूच योरिसच्या अंगणात नेऊन ठेवली. छपरावर तो गेला नाही.

पुढचे काही दिवस तो फारसा बाहेर पडला नाही. रिकी समोरून जाताना हात करत नव्हती. तिनं वाडीत दोघाचौघांना सांगितलं होतं की बेरेंट आता एकटा राहून जरा विचित्र झालाय. वाडीच्या रीतीतून तो स्वतःच्या पायानं बाहेर पडला होता, आणि पलीकडच्या घराला ती रीत आहे हेच माहीत नव्हतं. म्हणजे तो ना इकडचा राहिला होता ना तिकडचा. नर्सची गाडी येईनाशी झाली. मागचं दार मात्र तो रोज उघडं ठेवत होता, सवय म्हणून.

एका सकाळी पुढच्या दाराची घंटा वाजली.

बेरेंटचा चहा सांडला. ती घंटा दीनाला नेलं त्यानंतर वाजली नव्हती, आणि तेव्हाही वाजवली कुणी नव्हती, खांदा देणाऱ्यांपैकी कुणाचं तरी कोपर लागलं होतं. तो पुढच्या दाराशी गेला. दार फुगून चौकटीत रुतलं होतं. त्यानं ओढलं, पाय लावून ओढलं. मग तो गुडघ्यांवर बसला आणि पत्र टाकायच्या फटीतून बाहेर पाहिलं. दोन बूट होते, एकाची नाडी सुटलेली.

"कोण गेलं?" बेरेंटनं फटीतून विचारलं.

"कोणी नाही. मी योरिस."

"मागून ये."

योरिस मागे आला. दार सताड उघडं होतं, तरी त्यानं चौकटीवर टकटक केली आणि उंबऱ्याबाहेर थांबला. छातीशी बाळ होतं, त्याच्याच कोटात गुंडाळलेलं. तो झोपेत चालत आल्यासारखा दिसत होता.

तो जे बोलला ते अर्धवट वाक्यांत बोलला. मेरेलची आई यायची होती, ती जिन्यात पडली आणि तिचं मनगट मोडलं. नर्सचे दिवस संपले. सोमवारपासून त्याला कामावर जायचंय. मेरेलनं तीन दिवस अंघोळ केलेली नाही, कारण बाळ खाली ठेवलं की रडतं. रोज थोडा वेळ कुणी बाळाला नुसतं धरून बसलं तर.

बेरेंटला त्याची दया आली. "रिकीला सांगतो," तो म्हणाला. "तिला पोरांची सवय आहे. मी कधी धरलेलं नाही."

"नको," योरिस पटकन म्हणाला. मग तो लाल झाला. "म्हणजे रिकी फार चांगल्या आहेत. पण मेरेल म्हणाली, त्या शिडीवाल्यांना विचार. ते उठून जातात."

बेरेंटनं खुर्चीची पाठ धरली.

"मग विचार," तो म्हणाला.

"विचारलं ना आत्ता."

"नाही. तू सांगितलंस. नीट विचार."

योरिसनं त्याच्याकडे पाहिलं. रात्रभर जागलेल्या माणसाला वाद घालायची ताकद नसते. तो उंबऱ्यावर सरळ उभा राहिला आणि बाळ एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं.

"बेरेंट," तो म्हणाला, "तुम्ही आमच्याकडे येत जाल का? मागच्या दारानं?"

ठरलेले शब्द वेगळे आहेत, आणि ते बरेच लांब आहेत. पण मागचं दार होतं, आणि माणसानं स्वतःच्या तोंडानं विचारलं होतं. बेरेंट हो म्हणाला. हो म्हणताना त्याचा आवाज जरा मोठा झाला आणि बाळानं डोळे उघडले.

योरिसनं ते लगेच त्याच्या हातात दिलं. मेरेलला सांगून येतो, म्हणाला, पाणी तापवायला लावतो. आणि पळत गेला, नाडी तशीच सुटलेली.

बेरेंट खुर्चीवर बसला. अगदी हळू बसला, भरलेला टँकर उतारावर उभा करावा तसा. बाळ त्याला वाटलं होतं त्यापेक्षा गरम होतं आणि बरंच हलकं. धरायला त्याला कडी कुठं सापडेना. शेवटी त्यानं डोक्याखाली कोपर दिलं, दुसरा हात खालून लावला आणि तसाच राहिला. बाळ त्याच्या स्वेटरकडे बघत होतं.

खिडकीतून रस्ता दिसत होता. रिकी सायकलवरून दुकानाला निघाली होती. तिला हे कळायला हवं होतं, आत्ताच, पण हात करायला हात मोकळा नव्हता. हाक मारली तर बाळ रडलं असतं. बेरेंटनं भुवया वर केल्या. मग हनुवटी वर केली, जितकी जाईल तितकी. रिकी पुढे गेली. मग तिची सायकल डगमगली आणि थांबली, आणि ती एक पाय जमिनीवर टेकून, मान वळवून खिडकीकडे बघत राहिली.

विचारणाऱ्यावरही काही गोष्टी येतात, हे योरिसला सांगायला हवं होतं. डोळे मिटायचे असतात, निरोप न्यायचा असतो, डोक्याच्या बाजूनं खांदा द्यायचा असतो. कदाचित उन्हाळ्यात, कुंपणापाशी, सहज बोलता बोलता सांगता येईल. घाई नव्हती.